एका टक्क्याचा हिशेब

म्युच्युअल फंडात पैसे असलेल्या प्रत्येकाला वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर अखेरीनंतर, एक एकत्रित विवरणपत्र येते. सेबीने २०१६ साली केलेल्या नियमानुसार त्यात एक रक्कम छापावीच लागते: तुमच्या गुंतवणुकीपोटी त्या सहा महिन्यांत वितरकाला किती कमिशन मिळाले. ते टक्क्यांत नसते, रुपयांत असते. ज्याचे ऐंशी लाख रुपये इक्विटी फंडांच्या रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, प्लॅनमध्ये आहेत, त्याच्या विवरणपत्रात तिथे तीस-पस्तीस हजारांचा आकडा सहज असू शकतो. ‘आमचा माणूस आमच्याकडून एक पैसा घेत नाही’ असे सांगणारी कुटुंबे मला नेहमी भेटतात. त्यांपैकी बहुतेकांनी तो रकाना कधी पाहिलेलाच नसतो.

संपत्ती व्यवस्थापकाला दिलेले पैसे वसूल होतात का, या प्रश्नाची सुरुवात इथून करावी लागते, कारण आपल्याकडे बहुतेक लोक पैसे देतात ते नकळत. माझे मत आधीच सांगतो. चांगल्या सल्ल्याला किंमत असते आणि ती मोजली पाहिजे. पण संपत्तीच्या ठरावीक टक्क्याने, दरवर्षी, जन्मभर ती मोजत राहणे बहुसंख्य मराठी घरांना परवडणारे नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही.

प्रथम हे लोक कोण, ते पाहू. बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर हा बँकेचा नोकर असतो. त्याला महिन्याचे, तिमाहीचे लक्ष्य ठरवून दिलेले असते आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन क्रमांक असतो आणि त्याची कमाई फंड कंपनीकडून मिळणाऱ्या ट्रेल कमिशनवर, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत मिळत राहणाऱ्या कमिशनवर, चालते. विमा प्रतिनिधीचे उत्पन्न विमा कंपनीकडून येते. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवा, म्हणजे पीएमएस, देणारा तुमच्या नावाने थेट शेअर घेतो-विकतो. त्याच्या दारात शिरायलाच किमान ५० लाख रुपये लागतात. आणि शेवटी सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार. २०१३ च्या नियमांनी तयार झालेला हा वर्ग पैसे फक्त ग्राहकाकडून घेतो. त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कमिशन घेण्याची त्याला मुभा नाही. देशात वितरक लाखाहून अधिक आहेत आणि असे नोंदणीकृत सल्लागार जेमतेम हजारभर. ‘वेल्थ मॅनेजर’ नावाचा परवाना मात्र सेबीकडे नाही. म्हणून व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा वाचण्यापेक्षा त्याखालचा नोंदणी क्रमांक वाचावा.

आता टक्क्याकडे. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, कारण तो मुद्दलाच्या मानाने सांगितला जातो. एक कोटी रुपये वीस वर्षे दसादशे १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६ कोटी ७३ लाख होतात. तेच ९ टक्क्यांनी वाढले तर ५ कोटी ६० लाख. फरक १ कोटी १२ लाखांचा, म्हणजे सुरुवातीच्या मुद्दलापेक्षाही मोठा. दुसऱ्या बाजूनेही हिशेब करून पाहा. निवृत्त माणसाची निम्मी रक्कम मुदत ठेवींत आणि निम्मी इक्विटीत असते. तिच्यावर सगळे मिळून ९ टक्के मिळाले, त्यातून कर गेला आणि पाच टक्के महागाई वजा केली, तर खरी वाढ उरते तीन-साडेतीन टक्के. एक टक्का फी म्हणजे त्या खऱ्या वाढीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बाजार पडला त्या वर्षीही तो द्यावा लागतो. शिवाय ग्राहकाकडून थेट घेतल्या जाणाऱ्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो.

या पैशांच्या बदल्यात काय मिळते? पहिला दावा असतो चांगले शेअर आणि चांगले फंड निवडून देण्याचा. माझ्या मते हा सगळ्यांत कमकुवत दावा आहे. विल्यम शार्प यांनी १९९१ साली अवघ्या दोन-तीन पानांच्या लेखात दाखवून दिले की, सक्रियपणे गुंतवणारे सगळे मिळून बाजाराइतकाच परतावा मिळवतात. मग त्यातून त्यांचा जास्तीचा खर्च वजा केला की सरासरीने ते बाजाराच्या मागेच पडणार. हे अंकगणित आहे. त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. वॉरन बफे यांनी २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी लावलेली पैज सर्वांना माहीत आहे. समोरच्या गुंतवणूक संस्थेने हेज फंडांमध्ये पैसे गुंतवणारे पाच निवडक फंड पुढे केले आणि बफे यांनी एसअँडपी ५०० चा साधा इंडेक्स फंड. दहा वर्षांत इंडेक्स फंड एकूण १२५.८ टक्के वाढला. पाचांतला सर्वोत्तम ८७.७ टक्के, सर्वांत मागचा अवघा २.८ टक्के. त्या फंडांचे व्यवस्थापक अडाणी नव्हते. फंडाची फी, त्याखालच्या फंडांची फी आणि नफ्यातला वाटा, अशी दुहेरी कात्री त्यांच्या ग्राहकांच्या परताव्याला लागली होती.

भारतात चित्र इतके एकतर्फी नाही, हेही मान्य केले पाहिजे. मध्यम आणि लहान कंपन्यांच्या बाबतीत हुशार फंड व्यवस्थापकांनी काही काळ बाजाराला मागे टाकले आहे. पण मोठ्या कंपन्यांच्या फंडांचे दीर्घ काळाचे अहवाल पाहिले तर बहुतांश फंड निर्देशांकाच्या मागेच आहेत. आणि पुढच्या दहा वर्षांत कोणता फंड पुढे असेल हे आज ओळखू शकणारा सल्लागार मला अजून दिसलेला नाही. पीएमएसच्या बाबतीत आणखी एक मुद्दा नीट सांगितला जात नाही. म्युच्युअल फंडाच्या आत शेअरची कितीही खरेदी-विक्री झाली तरी कर तुम्ही युनिट विकाल तेव्हाच लागतो. पीएमएसमध्ये प्रत्येक विक्रीचा भांडवली नफा त्याच वर्षी तुमच्या विवरणपत्रात येतो. म्हणजे व्यवस्थापक जितका हात चालवील तितका कर तुम्ही भरायचा. जाहिरातीतला परतावा सहसा या कराच्या आधीचा असतो.

दुसरा दावा मला जास्त पटतो: सल्लागार तुम्हाला तुमच्यापासून वाचवतो. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळून २६ हजारांच्या खाली गेला. पुढच्या जानेवारीत त्याने ५० हजारांचा टप्पा ओलांडला. त्या मार्चमध्ये ज्यांनी घाबरून सगळे विकले आणि मग ‘जरा स्थिर होऊ दे’ म्हणत वर्षभर थांबले, त्यांचे जे नुकसान झाले ते अनेक वर्षांच्या फीपेक्षा मोठे होते. त्या दिवसांत ज्याने रोज ग्राहकांचे फोन घेतले आणि ‘काही करू नका’ एवढेच सांगितले, त्याने आपली फी कमावली, असे मी मनापासून मानतो.

व्हॅनगार्ड या अमेरिकी कंपनीने चांगल्या सल्लागाराच्या कामाची किंमत सुमारे तीन टक्के काढली आहे आणि त्यातला निम्मा वाटा याच धीर देण्याच्या कामाचा धरला आहे. सल्ल्याच्या धंद्यातील लोक हा आकडा वारंवार सांगतात. पण त्याच अहवालात हेही लिहिलेले आहे की हा फायदा दरवर्षी सारखा मिळत नाही. तो तुटकपणे, घबराटीच्या किंवा उन्मादाच्या काळात मिळतो. शिवाय व्हॅनगार्ड स्वतःही सल्ल्याचा व्यवसाय करते. आणि सल्लागार नेहमी धीर देतोच असे नाही. मुल्लैनाथन, नोएथ आणि शोअर या अभ्यासकांनी बोस्टन परिसरातल्या सल्लागारांकडे प्रशिक्षित माणसे ग्राहक म्हणून पाठवली. कोणी वाढलेल्या भावाच्या मागे धावणारा होता, तर कोणाजवळ इंडेक्स फंडांचा स्वस्त आणि शहाणा संच होता. ज्या चुकीतून आपला फायदा होत होता ती सल्लागारांनी सुधारण्याऐवजी घट्टच केली आणि स्वस्त इंडेक्स फंडांचा संच मोडण्याचा सल्ला दिला.

कॅनडातला एक अभ्यास याहून विचार करायला लावणारा आहे. लिन्नाइनमा, मेल्झर आणि प्रेविटेरो यांनी हजारो सल्लागारांची स्वतःची गुंतवणूक तपासली. ते स्वतःचे पैसेही ग्राहकांसारखेच गुंतवत होते: महागडे फंड, वारंवार बदल, नुकत्याच वाढलेल्या भावांचा पाठलाग. म्हणजे त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांची समजूतच चुकीची होती. ‘माणूस प्रामाणिक आहे’ एवढ्यावर आपण किती निर्धास्त असतो! सल्लागार प्रामाणिक असलाच पाहिजे, पण तेवढे पुरत नाही.

आपल्याकडे मात्र खोट अजूनही मोठी आहे आणि तिचे मूळ कमिशनच्या रचनेत आहे. सन्तोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार यांनी भारतातल्या विमा एजंटांकडे असेच ग्राहक पाठवून अभ्यास केला. ज्याला मुदत विमा आणि वेगळी बचत स्पष्टपणे जास्त फायद्याची होती, त्यालाही बहुतेक एजंटांनी जास्त कमिशनची बचत-विमा पॉलिसी गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या पद्धतीने विकलेल्या विम्यामुळे ग्राहकांचे झालेले नुकसान दीड लाख कोटी रुपयांहून अधिक काढले. मध्येच बंद पडलेल्या पॉलिसींचा तो पैसा होता. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कमिशन म्हणून देता येत होता, हे लक्षात घेतले की एजंट असे का वागतो हे समजायला वेळ लागत नाही.

मुंबईत मुख्यालय असलेल्या येस बँकेचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर शून्य करता येणारे रोखे, हे दुसरे उदाहरण. मार्च २०२० मध्ये बँकेच्या पुनर्रचनेत ८,४१५ कोटी रुपयांचे हे रोखे शून्य करण्यात आले. पुढच्या वर्षी सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड ठोठावला. आदेशात नोंद आहे की हे रोखे १,३४६ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी घेतले होते, त्यांपैकी बहुतेक त्याच बँकेचे ग्राहक होते आणि त्यातल्या २७७ जणांनी मुदत ठेवी मोडून ते घेतले होते. दंडाविरुद्ध अपील झाले आणि रोखे शून्य करण्याचा निर्णयही न्यायालयात गेला. पण ठेव मोडून जोखमीचा रोखा हाती देणारा माणूस ग्राहकाचा ‘संपत्ती व्यवस्थापक’ म्हणूनच समोर बसला होता, हे विसरता येत नाही. ग्राहकाच्या नुकसानीचा भार त्याच्यावर नव्हता आणि विक्रीचे श्रेय मात्र त्याचे होते.

सेबीने म्युच्युअल फंडांत बरीच साफसफाई केली आहे. ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापले जाणारे शुल्क, बंद झाला. जानेवारी २०१३ पासून वितरकाशिवाय थेट घेता येणारे डायरेक्ट प्लॅन आले. २०१८ पासून आगाऊ कमिशन बंद होऊन फक्त ट्रेल उरले. त्यामुळे फंडांच्या बाबतीत वितरकाचे आणि ग्राहकाचे हित पूर्वीपेक्षा जवळ आले आहे. विमा, पीएमएस, रोखे यांच्याबाबत तसे म्हणवत नाही. म्हणून बँकेत तुम्हाला फंडाऐवजी याच गोष्टी अधिक आग्रहाने दाखवल्या जातात.

एवढे वाचून कमिशनवर बंदीच घालावी असे वाटेल. ब्रिटनने २०१३ पासून गुंतवणुकीच्या सल्ल्यावर कमिशन बंद केले. सल्ल्याचा दर्जा सुधारला, पण थोडी रक्कम असलेल्यांकडे बघायला सल्लागारांना परवडेना आणि असंख्य लोक सल्ल्याविनाच राहिले. आपल्याकडे तालुक्याच्या गावी स्कूटरवरून फिरणारा वितरक नसता तर हजारो शिक्षकांची, दुकानदारांची एसआयपी कधी सुरूच झाली नसती. घरातला कर्ता माणूस गेल्यावर फोलिओ शोधणे, मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, बँकेचा साक्षांकित नमुना, केवायसी, सगळे जुळवून पैसे पत्नीच्या नावावर आणणे हे काम त्या माणसानेच केलेले मी पाहिले आहे. दोन-चार लाखांच्या खात्यावर त्याला वर्षाला दोन-तीन हजार रुपये ट्रेल मिळते. त्या घरासाठी ते पैसे वसूल आहेत. प्रश्न उद्भवतो तो रक्कम वाढते तेव्हा. काम तेवढेच राहते आणि कमिशन पन्नासपट होते.

म्हणून ठरावीक फी मला न्याय्य वाटते. वर्षाला ४० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी धरून ४७,२०० रुपये घेणारा सल्लागार २० लाखवाल्याला २.३६ टक्के पडतो. त्याने तिकडे जाऊच नये. एक कोटीवाल्याला अर्ध्या टक्क्याहून कमी आणि चार कोटीवाल्याला जेमतेम ०.१२ टक्के. नोंदणीकृत सल्लागाराला एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार रुपये ठरावीक फी घेता येते, किंवा मग देखरेखीखालच्या मालमत्तेच्या २.५ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या पर्यायाची मर्यादा फारच सैल आहे. तिच्या जवळपास जाणारा करार कोणीही स्वीकारू नये. डायरेक्ट प्लॅन आणि ठरावीक फी अशी जोड असेल तर मोठ्या रकमेवर सल्ल्याचा खर्च रेग्युलर प्लॅनच्या निम्म्याहून खाली येतो. अडचण एकच: एकरकमी चाळीस हजारांचा धनादेश लिहिताना आपला हात थांबतो आणि नकळत कापले जाणारे नव्वद हजार आपल्याला खुपत नाहीत. जी फी दिसते तिच्याबद्दलच आपण प्रश्न विचारतो, ही त्या फीची जमेची बाजू आहे.

मग सल्ला कोणी घ्यावा? पगारदार, पीएफ कापला जातो, डोक्यावर एक गृहकर्ज आहे, महिन्याला पंधरा-वीस हजार गुंतवता येतात: अशा तरुणाला व्यवस्थापकाची गरज नाही. मुदत विमा, आरोग्य विमा, सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव आणि एक-दोन इंडेक्स फंडांचे डायरेक्ट प्लॅन, एवढे त्याला पुरते. हवे तर एकदा फी देऊन आराखडा करून घ्यावा.

खरी गरज असते ती अचानक मोठी रक्कम हाती येणाऱ्यांना. समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर गेला. दहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या खात्यात एका दिवसात आयुष्यभराची रक्कम आली. रिंगरोड, विमानतळ, औद्योगिक क्षेत्रे यांच्यासाठी हे पुढेही होत राहणार. शेतजमिनीचा मोबदला बहुतेक वेळा करमुक्त असतो, पण त्याच्या ठेवीवरचे व्याज करपात्र असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. सगळी रक्कम एकाच बँकेत ठेवू नये हेही सांगत नाही, जेव्हा ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखच आहे आणि पीएमसी व रुपी बँकेच्या ठेवीदारांचे हाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. भाऊबंदांतली वाटणी, मुलींचा हक्क, नवी जमीन घ्यायची की नाही, हे प्रश्न कोणत्याही फंडाच्या निवडीपेक्षा मोठे असतात. तीच गोष्ट निवृत्तीची. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. तिच्यात एजंटला कमिशन नाही. निवृत्तीचा धनादेश जमा झाल्याच्या आठवड्यात बँकेतून येणाऱ्या फोनवर या योजनेचे नाव क्वचितच ऐकू येते.

वारसाहक्काचा भाग तर पूर्णपणे दुर्लक्षित आहे. नॉमिनी लावला म्हणजे सगळे झाले असे लोक धरून चालतात. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की शेअरचा नॉमिनी त्याचा मालक होत नाही. वारसा कायद्याने किंवा इच्छापत्रानेच मालकी ठरते. ज्या सल्लागाराने तुम्हाला इच्छापत्र करायला लावले आणि दोन्ही जोडीदारांना समोर बसवून सगळ्या खात्यांची यादी करून घेतली, त्याने त्या एका दुपारीच अनेक वर्षांची फी फेडली.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एक वेगळा इशारा. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारा मुलगा सुटीत पुण्याला येतो, बँकेतला ओळखीचा अधिकारी त्याला म्युच्युअल फंड घ्यायला लावतो. अमेरिकेच्या करकायद्यात भारतीय म्युच्युअल फंड ‘पीएफआयसी’ या वर्गात धरले जातात. त्यावर जाचक कर लागतो आणि दरवर्षी फंडागणिक ८६२१ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. तो भरून घेण्याची सीपीएची (तिथल्या सनदी लेखापालाची) फी कधी कधी नफ्याहून मोठी असते. दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्याला अशा वेळी दोन तासांचे पैसे देणे हीच सर्वांत स्वस्त गुंतवणूक.

आपण आज पैसे चुकीच्या कामाला देतो, असे मला वाटते. फंड निवडण्याला दरवर्षी देतो, ज्याची किंमत शून्याच्या जवळ आहे. आणि कर, विमा, इच्छापत्र, ठेवींची विभागणी यांना काहीच देत नाही, जिथे जाणत्या माणसाचा एक दिवस लाखो रुपये वाचवतो. व्यवस्थापकाला दोन प्रश्न लेखी विचारा: माझ्यामुळे तुम्हाला सर्व मार्गांनी वर्षाला किती रुपये मिळतात, आणि मी डायरेक्ट प्लॅन घेतले तरी तुम्ही मला सल्ला द्याल का? उत्तर लेखी मिळाले नाही तर तो संबंध तिथेच थांबवा.

आणि ज्यांच्या हाती लवकरच मोबदल्याची, निवृत्तीची, विम्याच्या दाव्याची किंवा पुनर्विकासाची रक्कम येणार आहे, त्यांना कळकळीची विनंती: पहिले तीन महिने ती दोन-तीन मोठ्या बँकांच्या अल्प मुदतीच्या ठेवींत राहू द्या आणि दुसऱ्या कोणत्याही कागदावर सही करू नका. त्या अवधीत सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत ज्याचे नाव सापडते असा, ठरावीक फी घेणारा सल्लागार शोधा, त्याला धनादेशाने पैसे द्या, घरातल्या सगळ्यांना, विशेषतः पत्नीला, त्या बैठकीला बसवा आणि आराखडा लेखी घ्या.